भाच्याच्या हातात द्यायला धंद्याचं डेबिट कार्ड कोणतं घेऊ?

रांधपघर, फोंडा

नमस्कार मंडळी. मी फोंड्याजवळ राहते आणि गेली नऊ वर्षं देवळांच्या अग्रशाळांत, म्हणजे आवारातल्या धर्मशाळांत, होणाऱ्या मुंजी, लग्नं, बारशी यांचं रांधप करून देते. कवळे, रामनाथी, नागेशी, म्हार्दोळ, मंगेशी एवढाच आमचा पट्टा. कमीत कमी ऐंशी पानं, जास्तीत जास्त चारशे. चवथीच्या आधीचे पंधरा दिवस नेवऱ्या, लाडू, चकल्या. दोन बायका कायमच्या, लग्नसराईत आणखी चार-पाच, आणि गाडी व बाजार सांभाळायला माझा भाचा. वय बावीस, कामाला वाघ.

आजवर धंद्याचा नि घरचा पैसा माझ्या एकाच बचत खात्यात होता. यजमान आगाऊ रक्कम देतात ती तिथेच, मुलीची फी तिथूनच, गॅस तिथूनच, घरचा आजार तिथूनच. त्या खात्याचं डेबिट कार्ड भाच्याकडे. तोच गाडी घेऊन मडगावला, बाणस्तारीच्या गुरुवारच्या बाजाराला जातो, तर कार्ड माझ्याकडे ठेवून करू काय?

मार्चमध्ये काय झालं ते सांगते. मडगावच्या एका घाऊक दुकानात तूप, तूरडाळ नि तांदळाचं १८,४०० रुपयांचं बिल झालं. मशीनमध्ये कार्ड घातलं, पिन दाबला, मशीन बराच वेळ फिरत राहिलं आणि व्यवहार झालाच नाही. मेसेज आला तो माझ्या मोबाइलवर, नि मी रामनाथीला चुलीपुढे, मोबाइल पिशवीत. पोराने दुसऱ्यांदा कार्ड घातलं, या वेळी लागलं. संध्याकाळी बघते तर ३६,८०० गेलेले. दोन दिवसांनी मुलीची कॉलेजची फी भरायची होती. शेजारणीकडे हात पसरावा लागला. ते १८,४०० पाचव्या दिवशी आपसूक परत आले, पण ते पाच दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक.

त्याच आठवड्यात गाडी धुताना आणखी एक दिसलं. चालकाच्या डोक्यावर ऊन अडवायची पट्टी असते ना, तिच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार आकडे लिहिले होते. माझा पिन. पोरगा विसरायचा म्हणून त्याने लिहून ठेवला होता. वाईट हेतू मुळीच नाही. पण ही गाडी अग्रशाळेबाहेर दिवसभर उघडी असते.

तिसरी गोष्ट बिलांची. बिलं मी शेगडीवरच्या फळीवर पत्र्याच्या डब्यात टाकते. एप्रिलमध्ये हिशेबाला डबा उघडला. मशीनवर छापलेली ती गुळगुळीत कागदाची बिलं धगीने कोरी झाली होती. हळदीचे डाग शिल्लक, आकडे नाहीत. पासबुकात दुकानाची नावं अर्धीमुर्धी, आणि कुठला खर्च धंद्याचा नि कुठला घरचा हे मला स्वतःलाच आठवेना.

म्हणून यंदा चालू खातं काढायचं ठरवलं. बँकेत गेले तर तिथल्या मुलाने धंद्याच्या कार्डाचे तीन प्रकार पुढे ठेवले. सगळ्यांत वरचं वर्षाला ७५० रुपये अधिक जीएसटी. त्यावर विमानतळावर बसायची सोय, अपघात विमा, खरेदीवर गुण. मला वर्षात एकदाही विमानतळाचं काम पडत नाही. तरी विम्यापायी मन जरा ओढतंय.

कोणतं घेऊ? कार्ड भाच्याच्या हातात राहणार हे धरून सांगा. आणि एक विनंती, कार्ड त्याच्याकडून काढून घे असं कृपा करून कुणी सांगू नका. पिनचा विषय काढला तेव्हाच त्याचा चेहरा उतरला. आई-वडिलांमागे तो माझ्याकडेच वाढलाय.

जुना रोखपाल, डिचोली

ताई, मी बँकेत एकतीस वर्षं काउंटरवर काढली, त्यातली शेवटची काही चालू खात्यांच्या टेबलावर. तुम्ही कार्डापासून सुरुवात केलीत, मी खात्यापासून करतो. डेबिट कार्ड ही किल्ली आहे. किल्ली पितळेची की चांदीची याने फरक पडत नाही, आत किती ठेवलंय याने पडतो. मार्चमध्ये तुम्हाला त्रास झाला तो मशीन अडकल्यामुळे कमी आणि फी, तूप नि औषधं एकाच खोलीत असल्यामुळे जास्त.

माझ्या मते दोन चालू खाती काढा. एक जमेचं. यजमानांचे पैसे तिथे येतील, मोठी देणी तिथून जातील. त्यावर कार्ड घेऊच नका. कार्ड घ्यायलाच हवं अशी सक्ती बँकेला करता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. दुसरं खातं फक्त बाजाराचं. आठवड्याला लागेल तेवढीच रक्कम बुधवारी रात्री त्यात टाकायची. कार्ड या दुसऱ्या खात्याचं, तेच भाच्याकडे. उद्या कार्ड हरवलं, पिन फुटला, मशीनने दोनदा पैसे ओढले, तरी त्या आठवड्याच्या बाजारापलीकडे झळ लागणार नाही.

आता पिनचं. हे मनाला लावून घ्या, कारण इथे लोक खरोखर बुडतात. आपली चूक नसताना कुणी तिसऱ्यानेच पैसे काढले आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत आपण कळवलं, तर ग्राहकाला एक रुपयाही भरावा लागत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत आपल्या अंगावर येतं. हा २०१७ चा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण पिन आपणच दुसऱ्याला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान आपलं. भाचा घरचा आहे हे तुमच्यासाठी खरं, बँकेच्या लेखी तो दुसरा माणूस. म्हणजे आज तुमच्या कार्डाचं काही झालं तर बँक पहिला प्रश्न विचारेल की पिन कुणाकुणाला ठाऊक होता, आणि तुमच्याकडे उत्तर नाही.

यावर उपाय कार्ड काढून घेण्याचा नाही. त्याच्या स्वतःच्या नावाचं कार्ड मागा. एकमालकी धंद्याच्या चालू खात्यावर मालकाने अधिकारपत्र दिलं की नेमलेल्या माणसाच्या नावाने जादा कार्ड काही बँका देतात. सगळ्या देत नाहीत. खातं उघडण्याआधी शाखेत हाच प्रश्न पहिला विचारा, आणि उत्तर ‘बघू’ असं आलं तर पुढच्या बँकेत जा. त्याचं नाव, त्याचा पिन, त्याची जबाबदारी. पोराचा चेहरा उतरायचं कारण उरत नाही.

एक काळजी घ्या. दोघांच्या सह्या लागतील असं खातं काढू नका, त्यावर सहसा डेबिट कार्ड मिळत नाही. आणि पुढेमागे कॅश क्रेडिट, म्हणजे धंद्यासाठी बँकेचं फिरतं कर्ज, घेतलंत तर त्या खात्यावरही डेबिट कार्ड देता येत नाही, म्हणून बाजाराचं खातं साधं चालू खातंच राहू द्या.

कार्ड रुपेचंच घ्या, म्हणजे व्हिसा-मास्टरकार्डासारखंच पण आपलं देशी. हे सांगायला माझ्याकडे नेमकं कारण आहे. १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्डाच्या व्यवहारावर दुकानदाराला बँकेचं कमिशन पडत नाही. बाकीच्या डेबिट कार्डांवर पडतं. वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असलेल्या दुकानदाराला जास्तीत जास्त ०.४० टक्के, त्यावरच्याला ०.९० टक्के. घाऊक व्यापारी ‘कार्डाला दोन टक्के जादा’ म्हणतो ना, ते डेबिट कार्डावर त्याला गिऱ्हाइकाकडून घेताच येत नाही. पण आपण तिथे तूप घ्यायला जातो, भांडायला नव्हे. रुपे कार्ड पुढे केलं की वाद उभाच राहत नाही.

विमा हवा असेल तर विमा म्हणून वेगळा घ्या. कार्डावरचा अपघात विमा बहुतेक वेळा ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं असेल तरच लागू होतो, आणि तो कार्डधारकाचा असतो. कार्ड तुमच्या नावाचं घेतलंत तर गाडी चालवतो भाचा, विमा तुमचा, असं व्हायचं.

मार्चच्या प्रसंगाबद्दलही सांगतो. पैसे गेले नि दुकानदाराला मिळाले नाहीत, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे असतात. सहाव्या दिवसापासून रोज शंभर रुपये भरपाई. तुमचे पाचव्या दिवशी आले म्हणजे नियमात आले. तुम्हाला ठाऊक असतं तर ते पाच दिवस इतके जड गेले नसते.

गाड्या भाड्याने, पेडणे

माझ्याकडे सहा गाड्या आणि चार चालक. डिझेल, टायर, पंक्चर, सगळा खर्च रस्त्यावरचा. रोखपालकाका म्हणतात ते बरोबरच, पण मी वेगळ्या वाटेने गेलो तेही सांगतो.

मी चालकांना प्रीपेड कार्डं दिली. चालू खात्याशी कार्डाचा थेट संबंध नाही. मी मोबाइलवरून भरतो तेवढेच त्यात. प्रत्येकाची स्वतःची केवायसी करून घेतली. पूर्ण केवायसी असली की दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, मला तर सहा हजारांच्या वर कधी लागत नाहीत. कुठे किती खर्च झाला ते कार्डागणिक वेगळं दिसतं. हा फायदा मोठा.

तोटे. कार्ड देणारी कंपनी वर्षाला पैसे घेते, भरतानाही काही ठिकाणी कापते, त्यावर जीएसटी. रोख काढायची तर एका वेळी दोन हजार, महिन्याला दहा हजार, त्याहून जास्त नाही. चार चालकांना ते परवडतं. ताईंचा एकच माणूस आहे, त्यांना त्यापेक्षा काकांचं दुसरं खातं स्वस्त पडेल.

पण टॅपचं बघा. दोन वर्षांपूर्वी माझ्या एका चालकाचं कार्ड पेट्रोलपंपावर राहिलं. कुणीतरी ते उचललं आणि एका दुकानात ४,९०० चा व्यवहार नुसतं टेकवून केला. पाच हजारांपर्यंत पिन लागत नाही. कार्डात सहाच हजार होते म्हणून तेवढ्यावर भागलं. मला पत्ता लागला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, कारण मेसेज चालकाच्या जुन्या नंबरवर जात होते आणि ते सिम त्याने कधीच टाकून दिलं होतं. तक्रार केली, कागद दिले, दीड महिन्याने पैसे मिळाले.

तेव्हापासून माझे दोन नियम. टॅप बंद. मेसेज माझ्या नंबरवर. कार्ड कुणाच्याही खिशात असो, पैसे गेल्याचं आधी मला कळलं पाहिजे.

हिशेब, पर्वरी

ताई, मी लहान धंद्यांचे हिशेब बघते. तुमच्या कोऱ्या पडलेल्या बिलांवर बोलायला आले, कारण दर एप्रिलला अशी चार-पाच घरं माझ्याकडे येतात.

आधी तुमची भीती थोडी कमी करते. तुम्ही विवरणपत्र अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत भरत असाल, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के नफा धरून, तर खर्चाचं एकेक बिल आयकराला दाखवावं लागत नाही. तिथे महत्त्व जमेला आहे. रोखीने आलेल्या रकमेवर ८ टक्के नफा धरला जातो, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के. समजा वर्षाला २२ लाखांची कामं केलीत. सगळं रोखीत घेतलं तर नफा धरला जाईल १,७६,०००, सगळं बँकेतून आलं तर १,३२,०००. तेव्हा काकांनी सांगितलेल्या जमेच्या खात्याचा क्यूआर कोड छापून घ्या आणि यजमानांपुढे तोच ठेवा. चालू खात्यात रोख भरायलाही बहुतेक बँकांत महिन्याची मर्यादा असते, त्यावर शुल्क लागतं. तेही वाचेल.

या योजनेत नसाल, पूर्ण हिशेब ठेवत असाल, तर मात्र एका माणसाला एका दिवसात १०,००० च्या वर रोख दिलेला खर्च आयकरात मान्य होत नाही. तिथे कार्ड नि यूपीआय कामाला येतात.

मग बिलं टाकून द्यायची का? मुळीच नाही. ती सरकारपेक्षा तुम्हाला लागतात. एका पानामागे सामान किती रुपयांचं गेलं हे तुम्हाला आज नेमकं सांगता येईल का? माझ्याकडे येणाऱ्या दहा रांधपकरांपैकी नऊ जणांना येत नाही. कार्डाचा उतारा दुकानाचं नाव आणि रक्कम सांगतो, त्यात तूप किती नि साखर किती हे नसतं, आणि ते सामान कवळ्याला गेलं की म्हार्दोळला हेही नसतं. म्हणून दुकानातून बाहेर पडण्याआधी बिलाचा फोटो, आणि खाली दोन शब्द: ‘कवळे मुंज’. भाच्याला एवढीच सवय लावा. तो कागद धगीने जातो, उन्हाने जातो, गाडीच्या काचेखाली ठेवला तरी जातो. फोटो राहतो.

खातं निवडताना एक गोष्ट बँकेतला मुलगा आपण होऊन सांगत नाही. चालू खात्याला सरासरी शिल्लक लागते, ती कमी पडली की दंड आणि दंडावर जीएसटी. तुमचा धंदा चातुर्मासात जवळजवळ बंद. आषाढी ते तुळशीचं लग्न, मधे चवथीचं फराळ काय ते. नेमके हे महिने शिल्लक खाली जाते. म्हणून सरासरी महिन्याची धरतात की तिमाहीची ते विचारा. ती काढतात रोजच्या रात्रीच्या शिलकीची बेरीज करून, दिवसांनी भागून. म्हणजे दहा हजारांची अट असेल तर तीस दिवस दहा हजार ठेवा, नाहीतर तीन दिवस एक लाख ठेवा, सरासरी तीच येते. आगाऊ रकमा मोठ्या येतात तेव्हा त्या दोन-तीन दिवस हलवल्या नाहीत तरी अट पुरी होते. दोन खाती काढणार असाल तर बाजाराच्या खात्याला शिलकीची अट कमीत कमी असलेला प्रकार घ्या, ते तर रिकामंच राहणार आहे.

रांधपघर, फोंडा

तुम्हा तिघांचे उपकार कसे मानू? रात्री जेवणं झाल्यावर सगळं भाच्याला मोठ्याने वाचून दाखवलं. ‘त्याचं नाव, त्याचा पिन’ हे ऐकल्यावर तो उठून गाडीत गेला आणि ते आकडे रबराने पुसून आला.

दोन शंका उरल्यात. बाणस्तारीला नि फोंड्याच्या बाजारात भाजीवाल्या, केळीवाल्या, नारळवाल्या यांच्याकडे कार्डाचं मशीन नसतं. क्यूआर असतो, नाहीतर रोख. तेफळं (तिरफळं) तर मी एका म्हातारीकडून घेते, तिच्याकडे मोबाइलच नाही. खतखत्याला, आमच्या मिश्र भाज्यांच्या पदार्थाला, तिचीच तेफळं लागतात, दुसरी मला चालत नाहीत. मग या बाजाराला कार्ड काय कामाचं?

दुसरी, रोजची मर्यादा किती ठेवू? तुपाचं बिल कधी अठरा हजार असतं, एरवी चार-पाच हजारांच्या वर जात नाही.

जुना रोखपाल, डिचोली

मर्यादा नेहमी लहान दिवसाची ठेवा, मोठ्या दिवसापुरती वाढवा. २०२० पासून प्रत्येक बँकेला ही सोय द्यावीच लागते. दुकानातला वापर, एटीएम, ऑनलाइन, टॅप आणि परदेशातला वापर हे सगळं मोबाइलवरून वेगवेगळं चालू-बंद करता येतं, प्रत्येकाची मर्यादा वेगळी ठेवता येते, तीही रात्री-अपरात्री. नवीन कार्ड हातात येतं तेव्हा ते देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतंच चालतं, बाकीचं आपण उघडेपर्यंत बंद असतं. बंद आहे ते बंदच राहू द्या. दुकानातली मर्यादा सात-आठ हजार ठेवा. तुपाच्या दिवशी सकाळी वीस करा, पोरगा परत आला की खाली आणा. हे तुमच्या मोबाइलवरून व्हायला हवं. खातं उघडताना खात्याला नंबर तुमचाच द्या.

क्यूआरसाठी यूपीआय सर्कल नावाची सोय २०२४ मध्ये आलीय. पैसे तुमच्या खात्यातून जातात, पण स्कॅन भाचा त्याच्या मोबाइलवरून करतो. तुम्ही त्याला महिन्याला जास्तीत जास्त १५,००० ची मोकळीक देऊ शकता, एका वेळी ५,००० पर्यंत. नाहीतर प्रत्येक वेळी तुमच्याकडे विचारणा येईल आणि तुम्ही पिन टाकाल, असंही ठेवता येतं. चुलीपुढे असताना ते तुम्हाला जमायचं नाही, म्हणून पहिला प्रकार बरा. तुमच्या बँकेत आणि तुमच्या अ‍ॅपमध्ये ही सोय त्या खात्याला मिळते का ते आधी बघा. भाजीला, नारळाला एवढं पुरावं.

तेफळवाल्या आजीला रोखच द्या. प्रत्येक कामाला पाचशे रुपये सुटे एका पाकिटात द्या, आणि ते कुठे गेले हे पाकिटावरच लिहू द्या. आम्ही बँकेत किरकोळ खर्च असाच ठेवायचो.

रांधपघर, फोंडा

साडेतीन आठवड्यांनी लिहितेय. मधे तीन लग्नं झाली म्हणून उशीर.

पहिल्या दोन शाखांत जादा कार्डाला सरळ नाही म्हणाले. तिसऱ्या शाखेतल्या बाईंनी अधिकारपत्राचा नमुनाच पुढे ठेवला, भाच्याचं आधार, पॅन नि दोन फोटो मागितले. माझ्या उद्यम नोंदणीचा, म्हणजे लहान धंद्याच्या सरकारी नोंदणीचा, कागद लागला. तो मी मागेच काढला होता, त्याला पैसे पडत नाहीत हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जमेच्या खात्यावर कार्ड नको म्हटल्यावर बाईंनी दोनदा विचारलं, मग फॉर्मवर तशी खूण केली. बाजाराच्या खात्याला साधं रुपे कार्ड. विमानतळाचं घेतलं नाही.

कार्ड टपालाने आलं. पाकीट मी फोडलं नाही, त्याच्याच हातात दिलं. आपलं नाव छापलेलं त्याने बराच वेळ बघितलं. पिन त्याने शाखेजवळच्या एटीएमवर एकट्याने जाऊन घातला. मी गाडीत बसून राहिले. तो पिन मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही.

दुकानातली मर्यादा आठ हजार. टॅप, ऑनलाइन, परदेश बंद. एटीएम पिन घालून झाल्यावर बंद केलं. मेसेज माझ्याकडे येतात, आणि चुलीपुढे असताना मोबाइल आता पिशवीत नसतो, मसाल्याच्या डब्याशेजारी असतो. यूपीआय सर्कल माझ्या अ‍ॅपमध्ये या चालू खात्यावर मिळालं नाही. म्हणून सध्या भाच्याच्या खात्यात गुरुवारी तीन हजार टाकते आणि तो तिथून क्यूआरने देतो. हे मला तितकं पसंत नाही. कुणाला याहून बरी वाट ठाऊक असेल तर जरूर सांगा.

आता पर्वरीच्या ताईंसाठी. तुमचा प्रश्न डोक्यातून जाईना. कवळ्याच्या मुंजीला, १८० पानांना, आम्ही पहिल्यांदा एकही बिल न चुकवता फोटो काढले. तुपापासून केळीच्या पानांपर्यंत, पाकिटातल्या तेफळांसकट. रात्री भाचा एकेक रक्कम वाचत गेला, मी वहीत मांडत गेले. नुसतं सामान ३१,२६० रुपये. पानामागे १७४ च्या आसपास. आणि मी दोन वर्षांपासून १५० धरून यजमानांना भाव सांगतेय. गॅस, गाडी नि बायकांची मजुरी त्यात नाहीच. मी दोनदा बेरीज केली, मग त्याने मोबाइलवर केली. तेवढीच आली.

मार्गशीर्षातली दोन कामं जुन्या भावाने घेतलीत, ती त्याच भावाने करीन, शब्द दिलाय. तुळशीच्या लग्नानंतरच्या नव्या विचारणा येतायत त्यांना काय सांगायचं ते रविवारी बायकांबरोबर बसून ठरवणार आहोत. एका पानामागची मजुरी नि गॅस कसा धरायचा, ताई, तेवढं सवडीने सांगाल का? गॅसची १९ किलोची टाकी एका कामात पुरी संपत नाही, अर्धी पुढच्या कामाला जाते. तिथे माझा हिशेब अडलाय.

हिशेब, पर्वरी

टाकी कामाआधी नि कामानंतर वजनकाट्यावर ठेवा. भंगारवाल्याकडचा काटाही चालेल. जेवढे किलो कमी झाले तेवढ्याचा भाव त्या कामाला. मजुरीचं लिहायला जरा जागा लागेल, शनिवारी सविस्तर लिहिते. तोवर बायका किती वाजता आल्या नि किती वाजता गेल्या, एवढं भाच्याला त्याच फोटोंखाली लिहून ठेवू द्या.